अंबाडीची जुडी

मुलांनो, मागच्या पावसाळ्यात मी आमच्या जवळा बाजारच्या आठवडी बाजारात अंबाडी घ्यायला गेलो. सकाळी ज्या मावशी "दहाला जुडी" म्हणत होत्या, त्याच दुपारी म्हणाल्या, "घ्या की गुरुजी, दहाला तीन!" चार तासांत भाव एवढा का बरं पडला?

त्याचं असं आहे, तोडलेल्या पानातून पाणी उडतच राहतं. मुळांकडून येणारं मात्र बंद झालेलं. मग पान मान टाकणारच. मावशी जुड्यांवर ओलं गोणपाट टाकतात, सावली धरून बसतात. पण कोबीचा गड्डा दोन-तीन दिवस थांबेल, अंबाडी थांबत नाही. पहाटे खुडायची, दुपारपर्यंत विकायची. उरली ती म्हशीपुढे. (ज्वारीच्या कण्या घालून, वर लसणाची फोडणी दिलेली अंबाडी खाल्लीय ना तुम्ही? नसेल तर आजीला सांगा.)

मावशींची अंबाडी कापसाच्या कडेनं असते. बी घरचंच. चार झाडं खुडायची नाहीत, बोंडं वाळू द्यायची, बी झाडून डब्यात ठेवायचं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी अशीच गावरान बियाणी जपली, त्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली. पण भाजी खपलीच नाही तर चार झाडं राखायची कशाला? मावशींची सून तेच म्हणत होती, "पुढल्या साली तिथंबी सोयाबीनच पेरू."

आता जरा लांब, आफ्रिकेतल्या केनियात जाऊ. पावसाळ्यात आपल्या रानात पांढऱ्या फुलांची तिळवण उगवते. आपण ती निंदून बांधावर फेकतो. तिथं तीच पेरतात, जुड्या बांधून विकतात! शहरातले लोक एके काळी तिला गरिबांची भाजी म्हणून नाकं मुरडत. आज ती नैरोबीच्या मोठ्या दुकानांतही मिळते. एकेकीची पाटी दुकानदार कशाला घेईल? म्हणून छोट्या शेतकऱ्यांनी गट केले, माल एकत्र पाठवला. आपली चवळीही मूळची आफ्रिकेचीच बरं का. तिथं तिचा पालाही शिजवतात. (मात्र ओळखल्याशिवाय रानातलं कुठलंही पान तोंडात घालू नका!)

पुढच्या बाजारी मी सकाळीच गेलो. दहाला एक जुडी घेतली, घासाघीस केली नाही. विचारलं, "मावशी, झाडं राखली का?"

"चार न्हाई, दोन राखली," त्या म्हणाल्या. "सून चार म्हणंल तवा चार."