जुन्या दोन वस्तूंची जोडणी आणि नवा हक्क



गेल्या महिन्याच्या टपालातले एक पत्र मी दोनदा वाचले. लिहिणाऱ्या बहिणीचे नाव-गाव इथे देत नाही. तिचा मुलगा मेकॅनिकलचा डिप्लोमा करून रस्त्याच्या एका ठेकेदाराकडे पेव्हरवर काम करतो. डांबर पसरवणाऱ्या या मशीनच्या मागच्या बाजूला त्याने उष्णता मोजणारा सेन्सर बसवला आहे. पसरलेले डांबर ठरलेल्या तापमानाखाली गेले की ऑपरेटरच्या कानाशी घंटी वाजते. आता एका एजन्सीचा माणूस त्याच्या मागे लागला आहे. ‘जगभराचे पेटंट’ काढून देतो म्हणतो आणि दीड लाख रुपये मागतो. बहीण लिहिते, “भाईसाहेब, याचे अब्बा हयात नाहीत. माझ्याकडे लग्नातल्या चार बांगड्या आहेत. मोडू का?” पत्राच्या शेवटी जाता जाता तिने आणखी एक वाक्य लिहिले आहे: “धुराने सेन्सरची काच काळी पडायची, त्यावर त्याने काहीतरी युक्ती केली आहे, ती मला नीट सांगता येत नाही.”

आपा, उत्तर आधी देतो, कारण नंतर. आज बांगड्या मोडू नका. पण मुलाची वही मात्र आजच उघडायला लावा. कारण तुमच्या पत्रात सर्वांत मोलाचे वाक्य ते शेवटचे आहे, आणि एजन्सीच्या माणसाने नेमके तेच विचारलेले दिसत नाही.

आधी मशीन समजून घेऊ. पेव्हरच्या पुढच्या हौदात ट्रक गरम डांबर-खडी ओततो. पट्ट्यावरून ती मागे जाते, फिरणारे ऑगर तिला दोन्ही बाजूंना पसरवतात आणि सर्वांत मागे असलेली जड, तापवलेली पाटी, म्हणजे स्क्रीड, तिचा थर सपाट करते. ही पाटी मशीनला घट्ट जखडलेली नसते. ती दोन लांब हातांनी ओढली जाते आणि मालावर तरंगत चालते. त्यामुळे चाक खड्ड्यात गेले तरी थर लगेच खाली-वर होत नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकात ही तरंगती पाटी आली आणि आजचा पेव्हर तिच्यावरच उभा आहे. पुढे तिच्यावर सेन्सर आले. आधी ताणलेल्या दोरीला टेकून चालणारी काडी, मग आवाजाच्या लहरींनी उंची मोजणारे, मग उष्णता मोजणारे.

उष्णता का मोजायची? माल गरम आहे तोवरच रोलरखाली नीट दाबला जातो. थंड झालेल्या चिक्कीच्या कडेला नवा गरम पाक ओतला तर दोन्ही एकजीव होत नाहीत, बोटाने सांधा सुटतो. रस्त्याचेही तसेच. एक पट्टी थंड झाल्यावर शेजारी दुसरी गरम पट्टी घातली की मधला सांधा कच्चा राहतो. पावसाचे पाणी तिथूनच शिरते.

याच कच्च्या सांध्यावरून अमेरिकेत एक खटला झाला होता, आणि तुमच्या मुलाने तो समजून घ्यावा असे मला वाटते. एका संशोधकाने पेव्हरच्या बाजूला गॅसवर चालणारी, उष्णता फेकणारी शेगडी बसवली. ती जुन्या थंड पट्टीची कड तापवायची, लगेच शेजारी नवा माल पडायचा आणि सांधा धरायचा. पेटंट मिळाले. दुसऱ्या एका कंपनीने तशीच शेगडी वापरली, तेव्हा दावा उभा राहिला. खालच्या कोर्टाने पेटंट रद्द ठरवले, अपील कोर्टाने उचलून धरले आणि ८ डिसेंबर १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा रद्द केले.

कोर्टाचे म्हणणे साधे होते. पेव्हर जुना, शेगडीही जुनी. दोघांना एका गाडीवर आणल्याने सोय झाली, हे खरे. पण गाडीवर येऊन शेगडीने शेगडीचेच काम केले आणि पेव्हरने पेव्हरचेच. शेगडी वेगळ्या गाडीवर ठेवली असती तरी कड तशीच तापली असती. वस्तू बाजारात खपली, लोकांना तिची गरज होती, एवढ्याने ती शोध ठरत नाही.

मग २००७ मध्ये याच कोर्टासमोर सेन्सर आला. मोटारीचे पुढे-मागे सरकवता येणारे पेडल आणि त्यावर इलेक्ट्रॉनिक सेन्सर, असे ते पेटंट होते. सेन्सर पेडलच्या न हलणाऱ्या खुंटीवर बसवला की त्याच्या तारा घासत नाहीत, असा त्यातला मुद्दा. ३० एप्रिल २००७ रोजी न्यायमूर्तींनी एकमताने हा दावा फेटाळला आणि त्या निकालात रस्त्याच्या शेगडीचा जुना निकाल आधाराला घेतला. सरकते पेडल होते, सेन्सर होते, आणि सगळी मोटार इलेक्ट्रॉनिक होत असताना दोघांना जोडणे हे कोणत्याही बऱ्या कारागिराला सुचले असते. कारागीर म्हणजे यंत्रमानव नव्हे, त्यालाही साधी कल्पकता असते, असे कोर्टाने मानले.

हे वाचून मुलाचे मन खट्टू होईल. म्हणून तिसरी गोष्ट सांगतो. त्याच देशात अ‍ॅडम्स नावाच्या संशोधकाने पाणी ओतले की चालू होणारी बॅटरी बनवली होती. तिचे दोन्ही मुख्य पदार्थ, मॅग्नेशियम आणि क्युप्रस क्लोराइड, आधीपासून माहीत होते. सैन्याच्या तज्ज्ञांना तिच्यावर भरवसा वाटला नाही. मग त्याच सैन्याने ती वापरायला घेतली, तीही त्याला न कळवता. अ‍ॅडम्सने सरकारवरच दावा लावला आणि २१ फेब्रुवारी १९६६ रोजी सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला. इथेही जुन्याच दोन वस्तू होत्या. पण त्यांच्या जोडणीतून जाणकारांनी अपेक्षिले नव्हते ते निघाले.

या दोन टोकांच्या मध्ये पेटंट परीक्षक बसलेला असतो. मुंबईत त्याचे कार्यालय अँटॉप हिलला आहे. अर्जाच्या शेवटी जे दावे लिहिलेले असतात, ते तो तुकड्या-तुकड्यांनी वाचतो. पेव्हर, एक. स्क्रीडमागचा उष्णतेचा सेन्सर, दोन. मर्यादा ओलांडली की घंटी, तीन. मग जगभरचे जुने अर्ज आणि छापील कागद धुंडाळून प्रत्येक तुकडा आधी कुठे आला आहे ते पाहतो. एकाच जुन्या कागदात सगळे सापडले तर वस्तू नवीच नाही. वेगवेगळ्या कागदांत सापडले तर पुढचा प्रश्न येतो: यांना जोडणे त्या धंद्यातल्या जाणकाराला सहज सुचले असते का? आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३ (फ) आहे. माहीत असलेली साधने नुसती शेजारी-शेजारी मांडली आणि प्रत्येक साधन आपापले जुनेच काम स्वतंत्रपणे करत राहिले, तर कायदा त्याला शोध मानत नाही.

हा नियम फक्त बड्या कंपन्यांच्या भांडणातला नाही. मिर्झापूरच्या भांडी बनवणाऱ्यांचा वाद आपल्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. भांडे लेथवर घट्ट धरायची एक रीत होती, म्हणजे ते फिरताना निसटू नये. तिच्यावर एकाने पेटंट घेतले होते. १९७८ च्या डिसेंबरात कोर्टाने ते रद्द ठरवले, कारण दाबून धरायचे ते तत्त्व जुनेच होते आणि केलेला बदल कारखान्यातल्या रोजच्या सुधारणेपलीकडे जात नव्हता. पेटंट गेले त्याचे नुकसान झाले. पण त्या धंद्यातल्या बाकीच्या कारागिरांचा विचार करा. जी युक्ती कोणाच्याही हाताला सुचावी ती एकाच्या नावावर बंद झाली असती, तर बाकीच्यांनी वर्षानुवर्षे त्याची परवानगी मागत फिरायचे. परीक्षकाचा नकार असा दुसऱ्या गरिबाच्या रोजीचे रक्षणही करत असतो.

आता तुमच्या मुलाकडे येऊ. स्क्रीडच्या मागे उष्णता मोजणे हे रस्त्याच्या धंद्यात बरीच वर्षे माहीत आहे. आकडा खाली गेला की घंटी वाजवणे तर त्याहून जुने. एवढ्याच दाव्यावर अर्ज गेला तर परीक्षक काय लिहील, हे शेगडीच्या गोष्टीवरून कळतेच. पण काळी पडणारी काच ही जागेवर उभे राहून सापडलेली अडचण आहे. तिच्यावर त्याने काय केले? काचेसमोर हवेचा झोत सोडला असेल, तर भट्टीवरच्या सेन्सरसाठी तो उपाय आधीच वापरतात. दुसरे काही केले असेल, आणि ते जाणकाराने ‘हे चालणार नाही’ म्हटले असते असे असेल, तर तिथे पेटंटची जागा असू शकते. त्याला वहीत तीन प्रश्नांची उत्तरे लिहायला सांगा. आधी काय बिघडत होते? मी नेमके काय बदलले? बदलल्यावर काय घडले, जे मलाही अपेक्षित नव्हते? तारखेसह लिहा, मोजलेले आकडे लिहा, फसलेले प्रयोगही लिहा.

मग शोध घ्या. जुनी पेटंटे गुगल पेटंट्सवर आणि आपल्या पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. दोन-तीन रात्री इशानंतर बसला तरी चित्र बरेच स्पष्ट होईल.

खर्चाचे ऐका. स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज करणाऱ्या व्यक्तीला साध्या अर्जाचे सरकारी शुल्क १,६०० रुपये आहे. आधी तात्पुरते वर्णन दाखल करून तारीख पकडता येते, मग पूर्ण वर्णनासाठी १२ महिने मिळतात. परीक्षणाची मागणी वेगळी करावी लागते. तिचे शुल्क व्यक्तीला ४,००० रुपये, आणि १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना त्यासाठी ३१ महिन्यांची मुदत आहे. ही मागणी केली नाही तर अर्ज मागे घेतला असे धरतात. परीक्षकाचा पहिला अहवाल आला की उत्तराला ६ महिने मिळतात. अहवालात आक्षेप असणे नेहमीचे आहे, त्याने घाबरू नये. अर्ज लिहायला जाणकार लागतो, त्याची फी वेगळी. पण तो नोंदणीकृत पेटंट एजंट आहे का, हे नोंदणी क्रमांक विचारून तपासा. आपल्या मुलींनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी: २०१९ पासून अर्जदारांत स्त्री असेल तर लवकर परीक्षण मागता येते.

आणि ‘जगभराचे पेटंट’ अशी वस्तूच नाही. एक आंतरराष्ट्रीय अर्ज करता येतो, पण पेटंट ज्या-त्या देशाचे ज्या-त्या देशातच मिळते. जो माणूस पहिल्याच वाक्यात ही गोष्ट चुकीची सांगतो, त्याच्या हातात बांगड्यांचे पैसे देऊ नयेत.

एक घाई मात्र खरी आहे. अर्ज करण्याआधी युक्ती उघड झाली तर तिचे नवेपण जाते. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ नको, मित्रांना दाखवणे नको. रस्त्याचे मशीन घरात तपासता येत नाही हे कायद्यालाही माहीत आहे. अर्जाच्या आधीच्या एका वर्षात, चाचणीपुरता आणि गरजेपुरता उघड्यावर केलेला वापर तो माफ करतो. पण रोजच्या कामावर सेन्सर चालू राहिला तर ती चाचणी राहत नाही. नोकरीच्या कागदात मालकाच्या हक्काबद्दल काय लिहिले आहे, तेही आधी वाचा.

काही वाचक विचारतील, कल्पनेवर मालकी सांगणे आपल्या दीनमध्ये बसते का? जागतिक इस्लामी फिकह अकादमीने १९८८ मध्ये कुवेतच्या अधिवेशनात लेखन आणि शोध यांवरील हक्क शरीअतने मान्य केलेले आहेत, त्यांवर अतिक्रमण करू नये, असा ठराव केला. पण हक्क आला की अमानतही आली. अल-जजरी यांनी १२०६ मध्ये यंत्रांचा आपला ग्रंथ पुरा केला. त्यात त्यांनी बनू मूसा या आधीच्या बंधूंचे नाव घेतले आणि त्यांचे काम कुठे अपुरे पडते तेही सांगितले. माझ्या आधी कोणी काय केले आणि मी त्यात काय घातले, हे इमानदारीने लिहिणे म्हणजेच चांगला पेटंट अर्ज. परीक्षक दुसरे काही मागत नाही.

आणि समजा, शोधाअंती कळले की काचेची युक्तीही जुनीच निघाली. तरी मुलाच्या हातून वाईट काहीच झालेले नाही. रस्त्यावरची इजा देणारी वस्तू दूर करणे हे ईमानच्या शाखांपैकी आहे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. पावसाळ्यात जिथे खड्डा पडला असता तिथे तो पडणार नाही, हे काम पेटंटाशिवायही त्याच्या खात्यात जमा आहे. आणि ज्याला मशीनचा दोष दिसतो आणि तो दूर करता येतो, अशा मुलाला चांगला मालक शोधत येतो.

आपा, वही भरली की ती घेऊन मुलाने स्वतः एखाद्या नोंदणीकृत एजंटाकडे जावे. तो काय म्हणतो ते मला कळवा. तोवर बांगड्या हातातच राहू द्या. अल्लाह तुमच्या मुलाच्या हुनरमध्ये बरकत देवो.