चषक पुष्कळ झाले, आता हंगाम हवा

डिसेंबर २०२३ मध्ये उरुग्वेचं राष्ट्रीय फुटबॉल विजेतेपद लिव्हरपूलने जिंकलं. हा मोंतेविदेओ शहराच्या बेल्वेदेरे भागातला, १९१५ साली स्थापन झालेला क्लब. त्याचं हे पहिलंच विजेतेपद, आणि तेही पेन्यारोलला हरवून. पेन्यारोल आणि नासिओनाल या दोघांनीच तिथली बहुतेक विजेतेपदं आपसात वाटून घेतलेली आहेत. आदल्याच वर्षी नासिओनालने अंतिम सामन्यात याच लिव्हरपूलला ४-१ असं हरवलं होतं आणि त्यात लुइस सुआरेझचे दोन गोल होते. तो घाव सोसून संघ वर्षभरात पुन्हा अंतिम लढतीत उभा राहिला. हे जमलं, कारण पुढचा हंगाम येणार याची तिथे कोणालाच शंका नसते.

तिथला हंगाम असा चालतो: सोळा क्लब, पूर्वार्धात ‘आपेर्तुरा’, मध्ये एक छोटी साखळी, उत्तरार्धात ‘क्लाउसुरा’. दोन्ही टप्प्यांचे विजेते आणि वर्षभराच्या गुणतक्त्यात अव्वल असलेला संघ विजेतेपदासाठी भिडतात. तळाचे तीन क्लब खालच्या विभागात जातात, तिथून तीन वर येतात. यातले बहुतेक क्लब एकाच शहरातले. थोडक्यात, जवळजवळ एका शहराची साखळी हीच त्या देशाची राष्ट्रीय लीग. त्या देशाने १९३० आणि १९५० असे दोन विश्वचषक जिंकले. लोकसंख्या सुमारे ३५ लाख. आपल्या नागपूर जिल्ह्याची २०११च्या जनगणनेत ४६ लाखांच्या वर होती.

या आकड्यांपुढे मी दरवेळी थबकतो. कारण आपल्याकडे खेळणारे पाय कमी आहेत असं कोणी म्हणू शकणार नाही. नागपूरजवळच्या कामठीत आज रब्बानी या फुटबॉल क्लबचं नाव शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. नागपूर शहरात हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी मुलं पाहिली आणि त्यांच्या हाती चेंडू दिला. त्यातून २००१ साली झोपडपट्टी फुटबॉल सुरू झालं. इथली मुलं बेघरांच्या विश्वचषकात भारताकडून खेळली. २०१०ची ती स्पर्धा तर रिओ दि जानेरोत होती. नागराज मंजुळेंनी २०२२ साली ‘झुंड’ या चित्रपटातून ही गोष्ट देशभर नेली. पण परदेशवारीवरून परतलेल्या मुलाने पुढच्या रविवारी कुठे खेळायचं? त्याच्यासाठी वर्षभराचं वेळापत्रक कुठे आहे?

आपण स्पर्धा भरवण्यात तरबेज आहोत. मंडप, दिवे, पाहुणे, चषक, सगळं थाटात होतं. बाद पद्धतीचं गणित मात्र निष्ठुर असतं. ६४ संघ उतरवले तर ३२ संघ एकच सामना खेळून घरी जातात. त्या ३२ संघांतल्या मुलांना हरल्यावर काय दुरुस्त करायचं हे कळतं, पण ते करून दाखवायची संधी मिळत नाही. पंधराव्या वर्षी ज्याला वर्षात चार सामने मिळतात, त्याची तुलना आपण चाळीस सामने खेळणाऱ्याशी करतो आणि मग ‘आपल्यात दमच नाही’ म्हणतो. हा त्या मुलावर अन्याय आहे.

साखळी अजिबातच नाही असं नाही. नागपूर जिल्हा फुटबॉल संघटनेची साखळी आहे, गट आहेत, वर जाणं-खाली येणंही आहे. ती टिकवणाऱ्या, खिशातून खर्च करणाऱ्या क्लबांविषयी मला मनापासून आदर आहे. मागणी एवढीच की हंगामाची तारीख वर्ष आधी जाहीर व्हावी आणि पाळली जावी.

वरून इमारत बांधण्याचे हाल आपण पाहिलेच. इंडियन सुपर लीग ही फुटबॉल साखळी २०१४ साली झगमगाटात आली. २०२५ साली अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि व्यापारी भागीदार यांच्यातल्या कराराचा प्रश्न सुटेना, तेव्हा नवा हंगामच लटकला. ब्राझीलमध्ये उलटं घडलं. साओ पाउलोची राज्य साखळी १९०२ पासूनची, राष्ट्रीय साखळीची सुरुवात १९७१ची. आपल्याकडे डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी वानखेडेवर आला, तेव्हा राज्य सरकारच्या ‘प्रोजेक्ट महादेवा’चाही गाजावाजा झाला. तेरा वर्षांखालील मुलामुलींना हेरून शिष्यवृत्ती देण्याची ही योजना चांगलीच आहे. मात्र हेरलेल्यांना जितक्या सामन्यांची गरज आहे, तितकीच न हेरलेल्यांनाही आहे. चौदाव्या वर्षी उमलणारं पोर तेराव्या वर्षीच्या निवडीत सापडत नाही.

दूर कशाला जायचं? विदर्भाने रणजी करंडक २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा जिंकला. जामठ्याचं स्टेडियम सगळ्यांना दिसतं, पण त्यामागे नागपूरच्या गुझदर क्रिकेट लीगमधले क्लबांचे सामने आहेत, हे नागपूरकर क्रिकेटवाल्यांना सांगावं लागत नाही. फुटबॉलला तेवढंच सातत्य द्या.

पहिलं काम महापालिकेचं. प्रत्येक झोनमधलं एक मैदान शनिवार-रविवार सकाळी तेरा आणि पंधरा वर्षांखालील मुलामुलींच्या साखळीसाठी राखून ठेवावं, आणि त्या सकाळी तिथे लग्नाचा मंडप किंवा प्रदर्शन नको. दुसरं आम्हा वर्तमानपत्रांचं. जिल्हा साखळीचा गुणतक्ता दर सोमवारी याच पानावर छापावा, अशी विनंती मी संपादकांना केली आहे.