उभी मोटारसायकल व तिचें तेल

मालेगांवकडे (जि. वाशीम) पावसाळ्यांत पांदणी चिखलानें बंद झाल्या कीं मोटारसायकली गोठ्यांत उभ्या राहतात. गाडी चाललीच नाहीं, मग तेल कां बदलावें, हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाहीं. तेल काळानेंही बिघडतें. दमट हवेंतील पाणी मिसळून तें दुधाळ होतें. जुन्या गाड्यांत कारब्युरेटर गळून पेट्रोल आंत उतरतें व तेलाची पातळी उलट वाढते. ती पाहून संतोष मानणारेही आहेत! तेलास पेट्रोलचा वास येत असल्यास गळती थांबवून तेल बदलल्यावांचून इंजिन सुरू करूं नये. आठवड्यास दोन मिनिटें इंजिन फिरविण्याची चाल तर अधिकच वाईट. तें पुरतें तापत नाहीं व पाणी आंतच राहतें. बहुतेक गाड्यांचा क्लच याच तेलांत बुडालेला असतो, म्हणून त्यांत मोटारीचें तेल ओतूं नये. नव्या तेलास कांहीं शें रुपये पडतात, पिस्टन-सिलिंडरास कांहीं हजार. आणि तो खर्च नेमका मळणीच्या तोंडावर निघतो.