चढणीपेक्षा उतरण सांभाळावी

थंडीचे दिवस आले की अनेक कुटुंबे घरातील ज्येष्ठांना घेऊन जयपूरच्या सहलीचा बेत आखतात. सवाई जयसिंह यांनी १७२७ मध्ये वसविलेले हे नगर, भोवतालच्या डोंगरांवरील आमेर, जयगड व नाहरगड हे किल्ले आणि मानसागर तलावातील जलमहाल, हे सारे पाहण्याची इच्छा वयाबरोबर कमी होत नाही. मात्र ‘आईला एवढे जमेल का?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा आईला न विचारताच ठरविले जाते. मग एक तर तिला गाडीत बसवून ठेवतात, नाही तर सर्वांच्या वेगाने चालवितात. हे दोन्ही टाळता येते.

गडावर चढताना धाप लागते, म्हणून मनुष्य आपोआप थांबतो. उतरताना धाप लागत नाही. पण गुडघ्याच्या वाटीवर अधिक भार येतो, मांडीचे स्नायू थकलेले असतात आणि झिजलेल्या गुळगुळीत दगडावर तोल जातो. म्हणून आमेरला वर जाण्यापुरतीच नव्हे, तर परतीचीही जीप ठरवावी. दिवाण-ए-आम, गणेश पोळ आणि शीशमहाल शांतपणे पाहिल्यास मन भरते. अरुंद जिने चढून प्रत्येक मजला गाठण्याची गरज नाही. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. पायऱ्या चढताना सशक्त पाय आधी टाकावा, उतरताना काठी व दुखरा पाय आधी. उतरताना सोबत्याने एक पायरी खाली राहावे.

दिवसाला एकच मोठे स्थळ ठेवावे. जंतरमंतरची जागा बहुतांशी सपाट आहे; तेथील सत्तावीस मीटर उंचीचे सम्राट यंत्र खालूनही नीट पाहता येते. मात्र सावली थोडी, म्हणून सकाळी जावे. १७९९ मध्ये सवाई प्रतापसिंह यांनी बांधविलेल्या हवामहालात वरच्या मजल्यांकडे जाण्यासाठी मुख्यतः उतरते मार्ग आहेत. ते गुडघ्यांना पायऱ्यांहून सोयीचे, तरी दमवणारे असतात. जलमहाल तर तलावाच्या काठावरूनच पाहावयाचा. नाहरगडावर वाहन जाते. तेथून संध्याकाळी सारे शहर दिसते. परतताना गारवा वाढतो, तेव्हा शाल व कानटोपी जवळ असावी.

ज्येष्ठांची एक सवय विशेष घातक आहे. स्वच्छतागृह मिळेल की नाही, या धास्तीने ते पाणीच पीत नाहीत. वयानुसार तहानेची जाणीव मंदावलेली असते. त्यात रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उठताना चक्कर येऊन पडण्याची भीती असते. जीपमधून उतरण्यापूर्वी क्षणभर सरळ बसावे, मग आधार धरून उभे राहावे. प्रवेशद्वाराशी पोहोचताच स्वच्छतागृहाची चौकशी करणे हे सोबत्याचे पहिले काम समजावे. लघवी वाढविणाऱ्या गोळीची वेळ प्रवासात बदलावी का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. स्वतःहून गोळी बंद करू नये. हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाणी किती प्यावे, हेही त्यांनाच विचारावे. औषधे, विशेषतः इन्सुलिन, उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये.

ज्येष्ठांनीही ‘मला काही होत नाही’ म्हणून त्रास लपवू नये. छातीत दडपण, घाम, जबड्याकडे वा हाताकडे जाणारी कळ अथवा अचानक धाप लागल्यास तेथेच बसावे, एक पाऊलही पुढे टाकू नये आणि सोबत्याने १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

सहलीचा कार्यक्रम ठरविताना ज्येष्ठांना एक प्रश्न अवश्य विचारावा: ‘तुम्हाला यातले कोणते स्थळ पाहावयाचेच आहे?’ त्यांनी निवडलेले स्थळ पहिल्या दिवशी, सकाळच्या ताज्या वेळेस ठेवावे. बाकीची स्थळे शक्तीप्रमाणे पाहावीत. राहून गेली तरी हळहळू नये.