कुंडीतल्या कोरफडीला रोज पाणी नको



आपल्याकडच्या उन्हात कोरफडीला रोज कपभर पाणी घालावे, हा मागील अंकातील पत्राचा सल्ला कळकळीचा असला तरी झाडाच्या जिवावर बेतणारा आहे. कोरफड, निवडुंग, पानफुटी यांची पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडतात आणि भर उन्हात मिटलेली राहतात, त्यामुळे त्यांच्यातली ओल सहजी उडत नाही. ही झाडे बहुधा मरतात ती मुळे घुसमटून. शेळगाव परिसरातली काळी माती ओली झाली की फुगते. कुंडीत तिचा चिकट गोळा होतो, हवा उरत नाही आणि मुळे कुजतात. डाळिंबाला बहरापूर्वी पाणी तोडून ताण देणाऱ्या इंदापूर तालुक्यात पाणी रोखण्याचे हे म्हणणे पटायला जड जाऊ नये.

पाने सुरकुतली म्हणजे पाणी कमी पडले, असे कोणी म्हणेल. पण कुजलेली मुळेही पाणी ओढू शकत नाहीत आणि तेव्हाही पाने सुरकुततातच. म्हणून आधी दोन पेरे बोट मातीत खुपसावे. ओल लागली तर थेंबही नको. कोरडी लागली, तर मात्र तळाच्या भोकातून वाहेपर्यंत पाणी द्यावे. रोजचे थोडे पाणी निर्धोक वाटते, परंतु त्याने वरचाच थर भिजत राहतो आणि बोअरच्या पाण्यातले क्षार कुंडीत साचतात. भरपूर पाणी ते धुऊन नेते. अर्थात त्यासाठी मातीत जाड वाळू आणि विटांचा चुरा सढळ हाताने मिसळलेला हवा. पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांखालून हलवावी.

– एक वाचक, शेळगाव (ता. इंदापूर)