ज्यू गेले, शाळा राहिली

मुंबईच्या भायखळ्यात डेव्हिड ससून यांनी १८६०च्या दशकात बांधलेलं निळं मागेन डेव्हिड सिनेगॉग आजही उभं आहे. ते बगदादी ज्यूंचं. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएल, इंग्लंडला गेली आणि भोवतालची वस्ती मुस्लिमबहुल झाली. ससून घराण्याच्या नावाने चालणाऱ्या इथल्या शाळेत आज बहुतेक मुलं मुस्लिम आहेत. इस्राएल-पॅलेस्टाईनच्या बातम्या रोज पाहणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

याचा गौरवच करायला नको. हेच बगदादी मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएलींना कमी लेखत. पुढे इस्राएलमध्येही त्यांच्या लग्नांवरून वाद झाला. ते पूर्ण ज्यू आहेत, हे १९६४ मध्ये सरकारला जाहीर करावं लागलं. उतरंड आपल्या ओळखीचीच.

तरीही शाळेचं दार शेजाऱ्यांसाठी उघडं राहिलं. नंदुरबार जिल्ह्यात आदिवासी बहुसंख्य आहेत. धडगाव, अक्कलकुव्याहून शिकायला शहरात आलेल्या भिल्ल-पावरा मुलांना संध्याकाळी अभ्यासाला बसता येईल, अशी आपली किती विहारं आहेत? १४ एप्रिल आणि बुद्धपौर्णिमा सोडून किल्ली कोणाकडे असते, हे विहार समितीच्या पुढच्या बैठकीत विचारायला हवं.