ईसीजी नॉर्मल म्हणजे हार्ट ओके? नाही हो!

उरणकरांनो, पुढाऱ्याचा वाढदिवस आला की आरोग्य शिबिर लागतं. बीपी, शुगर, ईसीजी आणि बॅनरवर फोटो. ईसीजीची पट्टी नॉर्मल आली की माणूस निर्धास्त घरी जातो. माझा आक्षेप या निर्धास्तपणावरच आहे.

हृदयातही गाठ होते. मोठ्या माणसांत बहुतेकदा 'मिक्सोमा': कॅन्सर नसलेली, डाव्या वरच्या कप्प्यात देठाने लोंबणारी. झडपेत अडकली तर दम लागतो, चक्कर येते. तुकडा सुटून मेंदूत गेला तर लकवा. ईसीजी हृदयाची वीज मोजतो, गाठ दाखवत नाही. ती दिसते टूडी इकोत. छातीला जेल लावून प्रोब फिरवायचा. ना सुई, ना क्ष-किरण. ध्वनिलहरींनी अशी गाठ ओळखल्याचं जर्मनीत १९५९ सालीच नोंदलं गेलंय! वेळेत ऑपरेशन झालं तर बहुतेक माणसं बरी होतात.

गाठ दुर्मीळ आहे, मान्य. पण इकोत झडपा, पंपिंग, हृदयाभोवतीचं पाणी, सगळंच दिसतं.

जेएनपीए, ओएनजीसी आपल्या जमिनीवर. म्हणे २०२४ ला अटल सेतू झाला, मुंबई जवळ आली. अहो, पूल म्हणजे दवाखाना नव्हे! शंभर खाटांच्या रुग्णालयाची मागणी जुनीच आहे. त्यात इको मशीन आणि ते चालवणारा डॉक्टर, दोन्ही लिहून घ्या. नुसतं मशीन आलं तर त्यावर कव्हरच राहतं.

पुढच्या शिबिरात एवढंच विचारा: साहेब, इको कधी?